रिकामा शंख

रत्नागिरीत झाडगावला सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. त्याची सुरुवात 1958 सालची. आज ते दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. शेतीच्या विद्यापीठाकडे मासे कसे, असा प्रश्न घाटावरच्या माणसाला पडतो. किनाऱ्यावरच्या माणसाला पडत नाही. भात आणि मासळी दोन्हींवर इथली घरं चालत आली आहेत. या केंद्राचं मत्स्यालय आणि संग्रहालय पाहायला गेलेल्या एका कुटुंबाची ही गोष्ट.

आई, बाबा, सहावीतला थोरला आणि दुसरीतली धाकटी असे चौघे दिवाळीनंतर पुण्याहून आजीकडे आले होते. आजीचं घर मिऱ्याच्या अंगाला. समुद्र तिच्या परसाखालीच, पण मत्स्यालयात ती कधी गेली नव्हती. "रोज बघते तेच तिथं काय बघायचं," असं ती म्हणत आली होती. यंदा धाकटीनं हात धरून ओढलं, तेव्हा निघाली.

आत गेल्यावर थोरला भराभर पुढे गेला. एका टाकीसमोर उभं राहायचं, मोबाइलवर फोटो घ्यायचा, पुढची टाकी. धाकटी मात्र समुद्रघोड्यासमोरून हलेना. बाबांनी तिला सांगितलं, की या माशात अंडी मादी घालते खरी, पण ती घालते नराच्या पोटावरच्या पिशवीत. पिल्लं बाहेर पडेपर्यंत सांभाळतो तो बापच.

"बापाच्या पोटात?" आजीनं विचारलं. "इतकी वर्षं समुद्रावर काढली गो, पण हे नव्हतं ठाऊक." आणि तीही काचेला नाक लावून उभी राहिली.

शेवंडीच्या टाकीशी मात्र आजीनं सांगितलं आणि बाबांनी ऐकलं. दिवसा ही कपारीत दडून बसते, मिशा तेवढ्या बाहेर. अंधार पडला की चरायला निघते. म्हणून तिच्यासाठी जाळं लावतात ते रात्री. दोघांना दोन वेगळ्या गोष्टी ठाऊक होत्या आणि दोघांनीही एकमेकांचं मन लावून ऐकलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मुलं काय शिकतात, ते पुष्कळदा यावरच ठरतं.

संग्रहालयात देवमाशाचा मोठा सांगाडा आहे. त्याच्यापुढे थोरलाही मोबाइल खाली घेऊन थांबला. देवमासा हा मासा नव्हे, तो आपल्यासारखा फुप्फुसांनी श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो, हे त्याला शाळेत शिकवलं होतं. पण त्याच्या पोहायच्या वल्ह्याच्या आत दंडाची, मनगटाची, बोटांची हाडं असतात, हे बाबांकडून कळलं तेव्हा त्यानं स्वतःचं मनगट चाचपून पाहिलं.

"ह्याला कुणी मारलं?" धाकटीनं विचारलं.

ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मग आजीनं तिला गणपतीपुळ्याची हकिगत सांगितली. नोव्हेंबर 2023 मध्ये तिथल्या किनाऱ्याला देवमाशाचं एक पिल्लू लागलं होतं. पाण्यात असताना त्याचा भार पाणी पेलतं. वाळूवर आलं की ते आपल्याच वजनाखाली दबतं, श्वास अवघड होतो, अंगातली उष्णता कोंडते. लोकांनी त्याच्यावर पाणी ओतलं, ओली फडकी टाकली, ओढून समुद्रात नेऊन सोडलं. इतकं करूनही ते वाचलं नाही.

"पण परत पाण्यात नेलं ना त्याला?"

"नेलं तर. त्याची जागा तीच."

नंतर ते शंख-शिंपल्यांच्या कपाटाशी आले. लहान, मोठे, काटेरी, गुळगुळीत, प्रत्येकाखाली चिठ्ठी. थोरल्याचे डोळे तिथं खिळले. बाहेर पडता पडता त्यानं जाहीर केलं, "मी घरी असंच संग्रहालय करणार. उद्या सकाळी शंख गोळा करायला जायचं." बाबांना आनंद झाला. मुलानं मोबाइल सोडून दुसरं काही करायचं म्हटलं, की कुठल्याही बापाला होतो.

"उद्या ओहोटी किती वाजता असते?" त्यांनी आजीला विचारलं.

आजीला पाऊणकी तोंडपाठ. "उद्या द्वितीया. दोन पाऊणे दीड. भरती दीडला, म्हणजे सुकती साडेसातला. आणि पुनवेचं उधाण सरलेलं नाही, पाणी लांब जाईल." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोकणातला जुना हिशेब. भरती रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येते आणि हा हिशेब रोज 45 मिनिटं धरतो. खडकावर उतरणाऱ्याला एवढं पुरतं.

सकाळी पाणी खरोखरच लांब गेलं होतं. काळे खडक उघडे पडले होते, त्यांच्यामधल्या खळग्यांत पाणी साचलेलं. थोरल्यानं कापडी पिशवी आणली होती. तो वाकून वाकून शंख उचलत होता, आख्खे वाटतील तेवढे घेत होता, फुटके टाकून देत होता. आजी त्या दिवशी खाली उतरली नाही. गुडघे दुखत होते. साडेआठच्या सुमाराला पिशवी भरली. घरी येऊन त्यानं ती पडवीत खुंटीला टांगली आणि न्याहारीला बसला.

दुपारी सगळे आडवे झाले असताना धाकटी आजीला हलवायला लागली. "आजी, पिशवी बोलतेय."

पिशवीतून खरखर ऐकू येत होती. आजीनं ती परातीत ओतली. ढिगातले काही शंख नुसते पडून राहिले, काही चालायला लागले. प्रत्येक चालत्या शंखाखाली बारीक पाय, दोन डोळे, आणि दोन नांग्या, एक दुसरीपेक्षा मोठी. थोरला धावत आला आणि जागच्या जागी उभा राहिला.

"हे रिकामे होते," तो म्हणाला. "मी बघून घेतले होते."

"तू वाकलास तेव्हा ते आत शिरून बसले असणार," बाबा म्हणाले. "हे शंखातले खेकडे. हर्मिट क्रॅब. शंख यांनी केलेला नसतो. तो करणारी गोगलगाय मेली, की मागे राहिलेल्या शंखात हे राहतात. पुढचं अंग कवचाचं, पण पोट अगदी मऊ. उघडं राहिलं तर कुणीही खाऊन टाकेल."

नऊ खेकडे चालत होते. दहावा शंखाच्या तोंडाशी अर्धा बाहेर येऊन निश्चल पडला होता. थोरल्यानं त्याला काडीनं हलवून पाहिलं, मग बोटानं. कुणी काही बोललं नाही. त्याला रागावावं असं आईच्या मनात आलं होतं, पण त्याचा चेहरा पाहून ती गप्प राहिली. ते योग्यच झालं.

आजी उठली. दीडची भरती नुकतीच लागलेली, लाटा बंधाऱ्याला आपटत होत्या. "आत्ता सोडले तर खडकावर आपटून मरतील. उद्या पाणी गेलं की खळग्यात सोडू." तिनं बाबांना समुद्राचं पाणी आणायला पाठवलं. ते बादलीभर घेऊन आले, पण आजीनं त्यातलं थोडंच पसरट घमेल्यात ओतलं आणि मध्ये एक ओला दगड ठेवला. "खोल नको. साचलेल्या पाण्यात दम कोंडतो त्यांचा. वर येऊन बसायला जागा हवी." संध्याकाळी पाणी बदललं, झोपताना पुन्हा बदललं. दोन्ही वेळा थोरला स्वतः बाबांबरोबर पाणी आणायला गेला.

दुसऱ्या दिवशी तृतीया, सुकती सव्वाआठला. या वेळी आजीही काठी घेऊन हळूहळू उतरली. एका खळग्यात त्यांनी नऊही खेकडे सोडले. ते क्षणभर अंग आत ओढून बसले, मग एकेक करून पाय काढून चालू लागले.

"झालं," थोरला म्हणाला. पिशवीत उरलेले शंख त्यानं खळखळवले. "हे मात्र नक्की रिकामे आहेत. काल सगळे उन्हाला धरून आतपर्यंत पाहिलेत. हे मी नेतो."

"ने," आजी म्हणाली. "पण आधी त्यातला एक ह्या पाण्यात ठेव. आणि बस जरा."

त्यानं एक बोराएवढा शंख तळाशी ठेवला. चौघं ओल्या खडकावर बसली, आजी बंधाऱ्याच्या दगडाला टेकली. बराच वेळ काही झालं नाही. धाकटी दोनदा उठली, दोनदा बसली. मग एक खेकडा शेवाळातून बाहेर आला. त्याचा शंख त्याला लहान झालेला दिसत होता, मोठी नांगी आत मावत नव्हती. तो नव्या शंखाशी आला. भाड्याची खोली बघायला आलेला माणूस जसा भिंती ठोकून बघतो, तसा त्यानं शंख सगळीकडून चाचपला. मिशांनी स्पर्श केला, नांगीनं उलटा केला, तोंडातून नांगी आत घालून खोली मोजली, आतली वाळू काढून टाकली. मागे सरला. पुन्हा आला. दोन्ही शंखांची तोंडं त्यानं अगदी जवळ आणली आणि काय होतंय हे कळायच्या आत जुन्यातून निघून नव्यात शिरला. त्याचं गुलाबीसर, पीळ पडलेलं मऊ पोट एका निमिषापुरतं उघडं दिसलं, तेवढंच.

धाकटी ओरडली. थोरला ओरडला नाही. तो गुडघ्यांवर पुढे झुकला होता. जुना, लहान शंख आता तळाशी मोकळा पडला होता. थोड्या वेळानं दुसरा, याहून बारका खेकडा त्याच्याकडे चालत आला आणि त्यानंही चाचपायला सुरुवात केली.

"एक शंख ठेवला तर दोघांना घर मिळालं," धाकटी म्हणाली.

आजीनं थोरल्याकडे पाहिलं. "रिकामं म्हणून उचलायच्या आधी बघावं, ते रिकामं कुणासाठी आहे."

थोरला काही वेळ गप्प होता. मग त्यानं विचारलं, आणि मुलानं विचारायलाच हवा असा हा प्रश्न होता, "मग संग्रहालयातल्या कपाटात इतके शंख ठेवलेत, ते चालतं? तो सांगाडा ठेवलाय, तो?"

बाबांनी लगेच उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, "समुद्राच्या तळाशी देवमासा मरून पडला, तर त्याच्या हाडांवर कितीतरी जीव वर्षानुवर्षं जगतात. तिथंही तो वाया गेला नसता. इथं त्याचा सांगाडा जपून ठेवलाय, कारण तो पाहून आजवर कितीतरी मुलांनी आपलं मनगट चाचपून बघितलं असेल, तुझ्यासारखं. तिथं एक शंख हजारो माणसं बघतात. आपल्या पिशवीतले पन्नास शंख पुण्यात खोक्यात पडणार. सुरुवातीला चार दिवस तू बघशील."

थोरल्यानं ते मनात तोलून पाहिलं असावं. त्यानं पिशवी खडकावर उपडी केली आणि एकेक शंख हातात घेऊन बघायला लागला. कालही त्यानं ते पाहिले होते, पण आज वेगळं पाहत होता. तोंड शाबूत आहे का? आत पीळ मोकळा आहे का? कुणाच्या मापाचा असेल? शाबूत शंख तो खळग्यांतून ठेवत गेला, सगळे एकाच ठिकाणी नाही. लहान लहानांच्या खळग्यात, मोठे पाण्याच्या कडेला, जिथं मघाशी त्याला मोठे खेकडे दिसले होते. धाकटी मापावरून त्याच्याशी भांडत होती आणि एक-दोनदा तिचंच बरोबर होतं.

शेवटी त्याच्या तळहातावर तीनच राहिले. एकाचं तोंड फुटलेलं, एक झिजून आरपार झालेला, आणि एका शिंपल्याला मधोमध बारीक, अगदी गोल भोक होतं. माणसानं बारीक गिरमिटानं पाडावं इतकं नेटकं. समुद्रातल्या काही शिकारी गोगलगाई जिभेनं घासून असं भोक पाडतात आणि आतला जीव खातात. बाबांना ते ठाऊक नव्हतं, आजीलाही नव्हतं. थोरल्यानं ते कुणी पाडलं असेल याचे तीन अंदाज वहीत लिहिले आणि खाली लिहिलं, "झाडगावला विचारायचं."

वही त्यानं काल रात्रीच काढली होती. पहिल्या पानावर परातीतल्या दहा खेकड्यांचं चित्र होतं, मेलेल्यासह. आता दुसऱ्या पानावर तिथी, वेळ, खळग्याची जागा, शंख बदलणाऱ्या खेकड्याच्या जुन्या आणि नव्या शंखाची लांबी. पट्टी नव्हती म्हणून बोटाच्या पेराएवढी लांबी धरली आणि तसं प्रामाणिकपणे नमूद केलं.

पाणी फिरलं. पहिली लाट खडकाच्या फटीतून आत आली आणि आजीनं सगळ्यांना उठवलं. थोरला वही छातीशी धरून चढत होता आणि तोंडानं पुटपुटत होता, "तीन पाऊणे सव्वादोन... चार पाऊणे तीन." मग वळून म्हणाला, "आजी, उद्या भरती तीनला, म्हणजे सुकती नऊला. आमची एसटी दुपारची आहे ना?"

"दुपारची."

"मग मला आठला उठव."

"मला पण," धाकटी खालून म्हणाली.