मत : हक्क, सौदा की अमानत?

प्रातिनिधिक लोकशाही एका साध्या अडचणीतून जन्माला आली आहे. लाखो माणसांना रोज एकत्र बसून कारभार करता येत नाही. म्हणून ती आपल्यातील काहींना आपल्या वतीने बोलण्याचा, निर्णय घेण्याचा आणि सार्वजनिक पैसा खर्च करण्याचा अधिकार सोपवितात. हा अधिकार सोपविण्याची कृती म्हणजेच मतदान. येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. जे मी दुसऱ्याला सोपवितो, ते माझ्या मालकीचे आहे काय? मालकीचे असेल तर ते विकण्यास हरकत कोणती? आणि मालकीचे नसेल तर ते माझ्याकडे कोणत्या नात्याने आले आहे?

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या. तेथे पदांचा जाहीर लिलाव झाला होता. उमराण्यात बोली दोन कोटी रुपयांच्या वर गेली आणि तो पैसा गावच्या मंदिराच्या कामाला द्यावयाचा होता. पैसा कोणाच्या खिशात जाणार नव्हता, गावात भांडण होणार नव्हते, निवडणुकीचा खर्च वाचणार होता. मग बिघडले कोठे, असे अनेकांना प्रामाणिकपणे वाटले. बिघडले ते इतकेच, की ज्याच्यापाशी बोली लावण्याइतका पैसा नव्हता, तो गावाचा प्रतिनिधी होण्यास अपात्र ठरला आणि गावातील प्रत्येकाचे मत त्याला न विचारता विकले गेले.

या घटनेकडे पाहून आपण निश्चिंत राहू नये. आपल्या वस्त्यांत पदांचा लिलाव होत नसेल. पण निवडणूक जवळ आली की मोहल्ल्यातील चार मातब्बर उमेदवारासोबत बसतात. कब्रस्तानाची भिंत, शादीखाना, मशिदीसमोरचे फरसबंद अंगण यांपैकी काहीतरी ठरते आणि ‘जमातीची सगळी मते तुमची’ असा शब्द दिला जातो. हेतू चांगला, काम पुण्याचे. तरीही प्रश्न तोच आहे : हा शब्द देण्याचा अधिकार त्या चौघांना कोणी दिला?

प्रतिनिधी आणि संमती : सीरतमधील तीन प्रसंग

इस्लामने राज्यकारभाराची एकच ठरावीक रचना घालून दिली नाही. मात्र तिच्यामागील तत्त्व स्पष्ट केले. श्रद्धावंतांचे व्यवहार परस्पर सल्लामसलतीने चालतात, असे पवित्र कुरआन सांगतो (सूरह अश्शूरा : ३८). हे तत्त्व प्रत्यक्षात कसे उतरले, ते सीरतमध्ये पाहावयास मिळते.

पहिला प्रसंग अकबाच्या दुसऱ्या प्रतिज्ञेचा, इ. स. ६२२ चा. यस्रिबहून आलेल्या सत्तरांहून अधिक लोकांनी अल्लाहचे प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या हाती प्रतिज्ञा केली. त्यांत दोन स्त्रियाही होत्या. प्रेषितांनी (स.) त्यांना आपल्यातून बारा नकीब, म्हणजे प्रतिनिधी, पुढे करण्यास सांगितले. खजरजमधून नऊ आणि औसमधून तीन पुढे आले. ज्यांच्या वतीने बोलावयाचे, त्यांच्यातूनच प्रतिनिधी यावा, ही गोष्ट येथे स्पष्ट दिसते.

दुसरा प्रसंग हिजरी सन ८ मधील हुनैनच्या युद्धानंतरचा आहे. हवाजिन टोळीचे शिष्टमंडळ शरण येऊन आपल्या कैद्यांची मागणी करू लागले. परंतु कैद्यांचे वाटप होऊन गेले होते. प्रेषितांनी (स.) लोकांसमोर उभे राहून कैदी परत करण्याची आपली इच्छा सांगितली. जो स्वखुशीने देईल त्याने द्यावे आणि ज्याला मोबदला हवा असेल त्याला पुढे तो मिळेल, असेही सांगितले. जमाव एका सुरात म्हणाला, आम्ही राजी आहोत. येथे एखादा नेता समाधानाने पुढच्या कामाला लागला असता. परंतु प्रेषितांनी (स.) तो एकमुखी होकार स्वीकारला नाही. तुमच्यापैकी कोणाची संमती आहे आणि कोणाची नाही, हे आम्हांस कळत नाही. तुम्ही परत जा आणि तुमच्या प्रतिनिधींकरवी आम्हांला कळवा, असे त्यांनी सांगितले. प्रतिनिधी आपापल्या लोकांशी बोलले, परत आले आणि मगच निर्णय झाला. ही हदीस सहीह बुखारीत आहे.

या हदीसवर थोडे थांबून विचार करावा. समोर अल्लाहचे प्रेषित (स.) आहेत, काम दयेचे आहे आणि लोक निष्ठावंत आहेत. तरीही जमावाच्या गजरात कोणा एखाद्याचा मूक नकार दडपला जाऊ नये, याची काळजी घेतली गेली. गर्दीचा होकार हा प्रत्येकाचा होकार नसतो. प्रतिनिधीचे काम आधी लोकांना विचारण्याचे आणि नंतर त्यांच्या वतीने बोलण्याचे आहे. या कसोटीवर ‘जमातीची सगळी मते तुमची’ हा शब्द टिकतो काय? ज्या विधवेला, ज्या मजुराला आणि प्रथमच मतदान करणाऱ्या ज्या तरुणीला कोणी विचारलेच नाही, त्यांच्या वतीने तो शब्द दिलेला असतो.

तिसरा प्रसंग उहुदचा. मदीनेत राहूनच सामना करावा, असे प्रेषितांचे (स.) मत होते, बहुसंख्य उत्साही लोकांचे मत बाहेर पडण्याचे होते. ते मान्य केले गेले आणि मुस्लिमांना जबर हानी सोसावी लागली. सल्लामसलतीची पद्धतच मोडीत काढण्यास हे निमित्त पुरेसे होते. परंतु याच संदर्भात अवतरलेल्या आयतीत या लोकांना क्षमा करण्याचा आणि व्यवहारात त्यांचा सल्ला घेत राहण्याचा आदेश आला (सूरह आलि इमरान : १५९). लोकांचा निर्णय चुकू शकतो. म्हणून लोकांना विचारणेच सोडून द्यावे, असा निष्कर्ष निघत नाही.

मत म्हणजे काय?

विसाव्या शतकातील विख्यात भाष्यकार मुफ्ती मुहम्मद शफी यांनी मताचे शरई स्वरूप तीन अंगांनी समजाविले आहे. मत ही साक्ष आहे, शिफारस आहे आणि वकालतही आहे. उमेदवार या कामास लायक आणि प्रामाणिक आहे, अशी मतदार साक्ष देतो. त्याला पद मिळावे अशी शिफारस करतो. आणि सामुदायिक हक्कांच्या बाबतीत त्याला आपला वकील नेमतो.

यातून निघणारे परिणाम गंभीर आहेत. साक्ष विकता येत नाही. साक्ष नात्यागोत्यासाठी वाकविता येत नाही. स्वतःविरुद्ध, आईवडिलांविरुद्ध किंवा आप्तांविरुद्ध जात असली तरी न्यायाने साक्ष द्यावी, असा आदेश आहे (सूरह अन्निसा : १३५). ती वैरापोटीही बदलता येत नाही (सूरह अल्माइदा : ८). ती लपविण्यासही मनाई आहे (सूरह अल्बकरा : २८३), म्हणून ‘सगळे सारखेच’ असे म्हणत घरी बसणे ही प्रत्येक वेळी निर्दोष अलिप्तता नसते. खरोखरच कोणीही योग्य वाटत नसेल, तर तेही नोंदविता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाने ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय मतदाराला दिला आहे. शिफारशीबद्दल कुरआन सांगतो, की चांगल्या शिफारशीतही वाटा आहे आणि वाईट शिफारशीतही (सूरह अन्निसा : ८५). निवडलेल्याच्या अन्यायाचा काही अंश निवडणाऱ्याच्या खात्यावर येतो, हा विचार मतदानकेंद्राकडे जाणाऱ्या पावलांना जड करणारा आहे.

सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. मत माझे आहे. पण ते माझ्या मालकीचे नाही. ते अमानत आहे, आणि अमानती त्यांच्या पात्र माणसांच्या हवाली करण्याचा अल्लाहचा आदेश आहे (सूरह अन्निसा : ५८).

ही अमानत आपल्याकडे फार जुनी नाही. १९३५ च्या कायद्याखाली मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्या अटींमुळे बहुसंख्य प्रौढ मतदानाबाहेर होते. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत शेतमजूर आणि जमीनदार, स्त्री आणि पुरुष यांच्या मताचे मोल प्रथमच समान झाले. म्हणूनच घरातील कर्त्या पुरुषाने सर्वांची मते ठरवावीत, हे लोकशाहीलाही धरून नाही आणि दीनलाही. प्रेषितांनी (स.) स्त्रियांकडून प्रतिज्ञा घेतली ती त्यांची स्वतःची म्हणून घेतली, कुरआनने त्या प्रतिज्ञेची स्वतंत्र नोंद केली आहे (सूरह अल्मुम्तहिना : १२). स्त्रीची साक्ष तिचीच आहे, आणि तिचा हिशेबही तिलाच द्यावयाचा आहे.

‘मग आमच्या पदरात काय पडणार?’

या विवेचनावर एक आक्षेप येतो आणि तो हलकेच उडवून लावण्यासारखा नाही. आमची वस्ती गरीब, गटारे उघडी, कब्रस्तानात जनावरे शिरतात. पाच वर्षांत आमच्याकडे कोणी फिरकत नाही. ज्या एका महिन्यात आमची किंमत असते, त्या महिन्यात काही मागून घेतले तर पाप काय?

मागण्यात पाप नाही. नागरिकाने आपल्या वस्तीचे प्रश्न उमेदवारासमोर मांडणे आणि त्याची भूमिका पाहून मत ठरविणे, हे तर प्रतिनिधित्वाचे मर्मच आहे. परंतु मागणी आणि सौदा यांत अंतर आहे. मागणी उघड असते, सर्वांसाठी असते आणि उमेदवाराच्या लायकीकडे डोळेझाक करावयास लावत नाही. सौदा बंद खोलीत होतो आणि त्यात लायकीचा प्रश्नच बाद होतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३ नुसार मतासाठी मोबदला देणे आणि घेणे, दोन्ही भ्रष्ट आचार आहेत.

शिवाय या सौद्यात तोटा कोणाचा होतो, तेही पाहावे. भिंत बहुधा सार्वजनिक निधीतून बांधली जाते. एका खासदाराला स्थानिक विकासकामांसाठी वर्षाला पाच कोटी रुपयांची कामे सुचविता येतात. हा पैसा करदात्यांचा, म्हणजे आपलाही असतो. जे हक्काने मिळावयाचे, ते उपकार म्हणून घेतले आणि बदल्यात साक्ष देऊन टाकली, असा हा हिशेब आहे. ज्याने मत विकत घेतले त्याच्यावर देणे उरत नाही. तो पुढे भांडवल वसूल करतो. आमदार पक्ष बदलतात म्हणून आपण संतापतो. पक्षांतराला आळा घालण्यासाठी १९८५ मध्ये ५२ वी घटनादुरुस्ती करावी लागली, तरी तो बाजार थांबला नाही. पण बाजार वरून खाली येत नसतो. ज्याने खाली खरेदी केली, तो वर विक्री करतो. केवळ ऐहिक लाभासाठी नेत्याशी प्रतिज्ञाबद्ध होणारा, मिळाले तर निष्ठावंत आणि न मिळाले तर विमुख होणारा माणूस, कियामतच्या दिवशी अल्लाह ज्यांच्याशी बोलणार नाही अशांपैकी आहे, असे हदीसमध्ये आले आहे.

बहुमत आणि न्याय

लोकशाहीपुढील दुसरे मोठे आव्हान बहुमताचे आहे. रस्ता कोठून न्यावा, कर किती असावा, कारभार कोणी पाहावा, हे बहुमताने ठरविता येते. परंतु अन्याय बहुमताने न्याय होत नाही. श्रद्धावंताच्या दृष्टीने योग्य-अयोग्याचे अंतिम माप अल्लाहकडे आहे, हातांच्या संख्येत नाही. यामुळे मुस्लिम माणूस लोकशाहीत परका ठरतो, असे काहींना वाटते. वस्तुतः भारतीय संविधानही बहुमताला निरंकुश मानत नाही. मूलभूत हक्क बहुमतावर मर्यादा घालतात. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संसदेलाही संविधानाची मूलभूत चौकट मोडता येणार नाही, असे ठरविले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत राजकारणातील व्यक्तिपूजेविरुद्ध इशारा दिला, त्यामागेही हीच जाण होती.

मात्र हे माप आपल्यालाही लागू आहे. जेथे आपण बहुसंख्य आहोत, त्या प्रभागात, ग्रामपंचायतीत किंवा मशिदीच्या विश्वस्त मंडळात, थोड्यांचे म्हणणे ऐकले जाते काय? ‘आपला माणूस’ एवढ्याच कारणावरून अपात्राला निवडणे ही असबियत आहे. आपल्या लोकांवर प्रेम करणे म्हणजे असबियत नव्हे, तर अन्यायात त्यांना साथ देणे म्हणजे असबियत, असा खुलासा हदीसमध्ये आहे.

निवडणुकीनंतर

ह. अबूबक्र (रजि.) यांनी खिलाफत स्वीकारताना केलेल्या भाषणाचा आशय असा होता : मी तुमच्यात सर्वोत्तम नसताना मला हे पद दिले गेले आहे, मी योग्य वागलो तर साहाय्य करा, चुकलो तर मला सरळ करा. या भाषणात राज्यकर्त्याची नम्रता आपण नेहमी पाहतो. त्यातील लोकांवर टाकलेले काम विसरतो. सरळ करण्याचे काम लोकांचे आहे आणि ते पाच वर्षांतून एकदा करावयाचे नाही. महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. तेथे जमाखर्च विचारता येतो, कामांच्या याद्या पाहता येतात. त्या सभांना आपण किती वेळा गेलो? कब्रस्तानाच्या भिंतीची मागणी तेथे उघडपणे, सर्वांसमोर, ठरावाच्या रूपाने मांडली, तर तिच्यासाठी कोणाचेही मत गहाण टाकावे लागत नाही.

तुमच्यातील प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या ताब्यात दिलेल्यांबाबत विचारणा होणार आहे, ही हदीस आपल्या मुखोद्गत आहे. मतदानकेंद्रात त्या पडद्याआड माणूस एकटा असतो. तेथे जमातीचा मुखिया नसतो, घरचा कर्ता नसतो, उमेदवाराचा माणूस नसतो. सर्व काही पाहणारा मात्र तेथेही असतो. त्या क्षणी दिलेली साक्ष त्याच्यासमोर पुन्हा उच्चारता येईल अशी असावी. अल्लाह आपणा सर्वांना ही अमानत ओळखण्याची आणि ती पात्र हातांत सोपविण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.