अमीबाला मरण आहे का?
अमीबा दुभंगतो तेव्हा आधी केंद्रक विभागते, मग पेशीद्रव्य. एकाचे दोन होतात आणि मागे प्रेत उरत नाही. मग मूळ अमीबा मेला का? जर्मन जीवशास्त्रज्ञ ऑगस्ट वाइझमान यांनी १८८० च्या दशकात ‘नाही’ असे उत्तर दिले: अपघाती मृत्यू सोडला तर एकपेशीय जीव तत्त्वतः अमर, नैसर्गिक मरण बहुपेशीय देहासोबत आले. पॅरामेशियम या दुसऱ्या एकपेशीय जीवाने या भव्य विचाराला तडा दिला. केंद्रकाचे नूतनीकरण झाले नाही, तर त्याचा वंश अनेक विभाजनांनंतर क्षीण होऊन संपतो.

खरी अडचण मात्र ‘तोच अमीबा उरला का’ यातल्या ‘तोच’ या शब्दाची आहे. दोन्ही अर्धे सारखेच वारसदार असतील, तर टिकते ती परंपरा, व्यक्ती नव्हे. देहागणिक एकच अविभाज्य आत्मा मानणाऱ्याला हे विभाजन कोड्यात टाकते. एका देहात अनंत जीव मानणाऱ्या जैनांच्या निगोद-कल्पनेला तितके नाही.