पोच घेतल्याशिवाय उठू नकोस

डोंबिवली (पूर्व)
रविवार, रात्री

चि. सई,


काल तुझा वणीहून फोन आला तेव्हा मी तुझ्या आईच्या शेजारीच बसलो होतो. स्पीकर चुकून लागला असं ती म्हणते. असो. खाणीतल्या रस्त्याच्या वळणावरचा बांध खचून गुडघ्याएवढा उरलाय, रात्रपाळीला डंपर त्याच कडेने जातात, सुपरवायझरला दोनदा सांगितलंस तर तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही तुमचा सर्व्हे करा." मग तू एचआरकडे गेलीस. त्या बाईंनी चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि "मी बोलते" म्हणाल्या. तुझा जीव भांड्यात पडला. माझी झोप उडाली.

कारण त्या चहाच्या टेबलापलीकडे मी एकतीस वर्षं बसलोय. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात. तेव्हा एचआर हा शब्द नव्हता, पर्सोनेल म्हणायचे. एकदा जेवणाच्या सुट्टीत प्रेस शॉपमधला एक कामगार आला. टिटवाळ्याहून यायचा. म्हणाला, "साहेब, मशीनचा गार्ड सैल झालाय, मेंटेनन्सवाले दाद देत नाहीत." मी अगदी मनापासून म्हटलं, "बघतो." तेव्हा युनियनशी पगारवाढीचा करार चालला होता, त्या धांदलीत राहून गेलं. पुढच्या महिन्यात त्याची दोन बोटं गेली. चौकशीत प्रश्न आला, याबाबत आधी कोणाची तक्रार होती का? मी रजिस्टर चाळलं आणि स्वतःच्या हाताने लिहिलं, "अशी कोणतीही तक्रार नोंदलेली नाही." त्या वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तो समोर बसला होता, हाताला बँडेज. माझ्याकडे त्याने नुसतं पाहिलं. हे मी तुझ्या मामीलाही सांगितलेलं नाही.

तुझ्या त्या एचआरच्या बाई वाईट नसतील. मीही नव्हतो. पण त्यांचा पगार कंत्राटदार कंपनी देते, आणि बांध उंच करायचा हुकूम त्या देऊ शकत नाहीत. खाणीचं हे वेगळेपण तू आधी समजून घे. सुरक्षेची कायदेशीर जबाबदारी खाणीच्या मॅनेजरवर असते. त्याच्याकडे त्यासाठीचं सरकारी प्रमाणपत्र असतं आणि ते जाण्याची त्याला भीती असते. तू कोणाच्या पगारपत्रकावर आहेस, हा प्रश्न तिथे येत नाही. तेव्हा बांधाचं पत्र मॅनेजरच्या नावे लिही, प्रत सेफ्टी ऑफिसरला आणि एचआरला.

पत्रात रडगाणं नको. "सुपरवायझर माझं ऐकत नाहीत" हे वाक्य काढून टाक, त्याने ते पत्र तुझ्या-त्याच्या भांडणाचं होतं. तू सर्व्हेअर आहेस, तर सर्व्हेअरसारखं लिही: कुठल्या बेंचकडे जाणारा रस्ता, कुठलं वळण, तारीख, पाळी, किती वाजता पाहिलं, बांधाची उंची टेपने मोजून किती, आणि तिथून जाणाऱ्या सर्वांत मोठ्या डंपरच्या चाकाची उंची किती. बांध निदान त्या चाकाइतका उंच हवा. हे दोन आकडे शेजारी शेजारी आले की पत्राला आणखी काही बोलावं लागत नाही. सुपरवायझरला कोणत्या दोन दिवशी सांगितलंस तेही एका ओळीत येऊ दे. आवक-जावक विभागात दे आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख अशी पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नकोस. पोच देत नसतील तर त्याच दिवशी ईमेल, आणि वणीच्या पोस्टातून स्पीड पोस्ट. व्हॉट्सॲपवर कळवलं हे मनाच्या समाधानापुरतं ठीक.

एकटीच्या सहीला घाबरतेस? मोठ्या खाणीत वर्कमन इन्स्पेक्टर असतो, कामगारांपैकीच एक अनुभवी माणूस, आणि सुरक्षा समितीही असते. त्या इन्स्पेक्टरला गाठ. पाळीवर देखरेख करणारा दहा वर्षं जुना ओव्हरमन किंवा सरदारही चालेल. या लोकांनी खाण पचवलेली असते. तू मोजून सांगतेस ते त्यांना चालता चालता दिसतं.

आणि आत कोणी हललंच नाही तर खाण सुरक्षा महासंचालनालय आहे. मुख्यालय धनबादला, पश्चिम विभागाचं कार्यालय नागपूरला, म्हणजे तुझ्यापासून फार लांब नाही. हे खातं कोळसा मंत्रालयाचं नाही, श्रम मंत्रालयाचं आहे. १९५२चा खाण कायदा आता २०२०च्या सुरक्षा संहितेत गेलाय, ती २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली. तिच्यात एक गोष्ट स्पष्ट आहे: जिवावर बेतेल असा धोका दिसला तर कामगार मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवू शकतो. आधी महिनाभर मालकाच्या उत्तराची वाट पाहा, असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस.

मी उगाच बाऊ करतोय असं वाटत असेल तर २९ डिसेंबर २०१६ची रात्र आठव. झारखंडात राजमहालच्या उघड्या खाणीत ओव्हरबर्डनचा, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडांचा ढिगारा कोसळला, २३ माणसं गेली. मातीखाली सापडलेले लोक कंत्राटदाराचेच होते, तुझ्यासारखे. भेगा आधीच दिसत होत्या, असं तिथल्या लोकांनी नंतर सांगितलं. नंतर.

आपण डोंबिवलीकरांनी तरी या "नंतर"ला हसू नये. २६ मे २०१६ला एमआयडीसीत स्फोट झाला, तेव्हा आपल्या स्वयंपाकघराची काच फुटली, तू नववीत होतीस. २३ मे २०२४ला पुन्हा. मधल्या वर्षांत रात्री वास यायचा, आम्ही सोसायटीतले लोक सकाळी फोन करायचो आणि प्रदूषण मंडळाचा माणूस येईपर्यंत वारा फिरलेला असायचा. "नक्की किती वाजता आला वास?" यावर आम्ही एकमेकांची तोंडं पाहायचो. शेवटी जोशीकाकूंनी फ्रिजवर वही टांगली. त्यानंतर निदान तो प्रश्न तरी बंद झाला. तशी एक वही तू आजच घे. कंपनीची नको, स्वतःची, आणि रोज खोलीवर घेऊन जात जा.

आता दुसरं, जे तू फोनवर अर्धंच बोललीस आणि आईने "काय गं?" विचारताच विषय बदललास. तो माणूस जे बोलतो, ते बांधाच्या पत्रात मिसळू नकोस. त्याची वाट निराळी. दहा किंवा अधिक माणसं असतील तिथे लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याने अंतर्गत समिती असावीच लागते, अध्यक्ष बाईच, आणि एक सदस्य बाहेरचा. कंत्राटदाराने ती केलेलीच नसेल तर यवतमाळ जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. शेवटच्या प्रकारापासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायचं. घाई नको, पण दिवाळीवर ढकलू नकोस. चौकशीच्या काळात तू स्वतः बदली किंवा रजा मागू शकतेस. "तुझ्याच भल्यासाठी तुला ऑफिसात बसवतो" असं कंपनीवालेच म्हणाले तर ते लेखी माग. रात्रपाळीचंही बघ: २०१९च्या अधिसूचनेने बायकांना खाणीत रात्री वरच्या कामाला परवानगी मिळाली, पण लेखी संमती घेऊन आणि निदान तिघींच्या गटात. फोनवर सांगितलंस त्या रात्री तू एकटीच होतीस ना?

नोकरी जाईल का? जाऊ शकते, खोटं कशाला सांगू. तक्रार करणारा माणूस हळूच अवघड पाळीवर जातो, त्याचं काम अचानक "असमाधानकारक" ठरतं. असले शेरे मी स्वतः टाइप केलेत. म्हणून आजवरच्या पगाराच्या पावत्या, हजेरी, नेमणूकपत्र, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, सगळ्याचे फोटो काढून मला पाठव. माझ्या कपाटात जागा आहे.

पत्राचा मसुदा आज रात्री लिही, उद्या मला वाचून दाखव. आईला मी एवढंच सांगितलंय की तुझ्याकडे ऊन फार आहे. ती मेतकूट पाठवतेय. नंदीग्राम एक्सप्रेसचं तिकीट मी पाहून ठेवलंय, तू म्हणशील त्या दिवशी कल्याणहून बसतो.

तुझा,
दादामामा