तिसरी पाळी

ज्याच्यावर आपण अन्याय केला त्याला बोलताच येत नसेल, तर माफी कोणाकडे मागायची? हा प्रश्न आम्हाला कोणत्या किताबात नव्हे, एका घोडीच्या पाठीवर दिसला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नगरच्या स्टेशनवर अब्बांचा टांगा होता. जुना घोडा थकला, तेव्हा त्यांनी आम्हा दोघा चुलतभावांना सारंगखेड्याच्या यात्रेला धाडले. दत्तजयंतीला तापीकाठी भरणारा तिथला घोडेबाजार नामांकित. गाव तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. १९९८ साली नंदुरबार जिल्हा झाला आणि ते तिकडे गेले. आम्ही एक तांबूस घोडी घेतली. ट्रकच्या भाड्यापुरते पैसे उरणार नव्हतेच. धुळे, मालेगाव, मनमाड, येवला, कोपरगाव असे सुमारे ३०० किलोमीटर घोडीवरूनच परतायचे होते.

निघताना अब्बांनी एक अट घातली होती. हजरत उमर इ. स. ६३७-३८ च्या सुमारास बैतुल मुकद्दसला गेले, त्या प्रवासाची गोष्ट आमच्या घरात नेहमी सांगितली जाई. उंट एक, माणसे दोन. एक पाळी खलिफांची, दुसरी गुलामाची आणि तिसरी उंटाची. त्या पाळीत उंटाने मोकळ्या पाठीने चालायचे. शहर आले तेव्हा पाळी गुलामाची होती, म्हणून खलिफा लगाम धरून पायी आत शिरले. हीच रीत अब्बांनी आम्हाला बांधून दिली.

येवल्यापर्यंत आम्ही ती पाळली. पुढे आपला जिल्हा लागला, कोपरगावला गोदावरी ओलांडली आणि घराची ओढ अनावर झाली. पाय सुजले होते. आम्ही हिशेब केला की घोडीच्या पाळीला दोघांनीही बसायचे. एक दिवस वाचेल. घोडी काही बोलली नाही. तिने नकार दिला नाही, याचाच अर्थ आम्ही होकार असा घेतला.

शिर्डीला मुक्काम केला. तिथे एका म्हाताऱ्याने धूपखेड्याच्या चांद पाटलांची कथा सांगितली. हरवलेली घोडी शोधून थकलेले पाटील खोगीर स्वतःच्या पाठीवर टाकून औरंगाबादहून परतत होते. वाटेत एक तरुण फकीर भेटला आणि त्याने घोडीचा ठावठिकाणा सांगितला. पुढे पाटलांच्याच वऱ्हाडाबरोबर तो शिर्डीत आला. तेच साईबाबा, असे सांगतात. पाठीवर खोगीर घेतलेला पाटील डोळ्यांपुढे आणून आम्ही पोट धरून हसलो.

नगरला पोचल्यावर अब्बांनी खोगीर उतरवले. खाली तळहाताएवढी पाठ सोलवटली होती. आम्हाला ते एक शब्द बोलले नाहीत. कडुलिंबाच्या पाण्याने जखम धुताना घोडीलाच म्हणाले, "माफ कर, बेटी." तीन आठवडे टांगा जुंपला नाही. तेवढे दिवस अब्बांनी बाजारात हमाली केली. खोगीर शेवटी कोणाच्या पाठीवर आले, ते आम्ही पाहिले.

आपल्याकडे हक्कांचे दोन भाग सांगतात. अल्लाहचा हक्क चुकला तर तौबा करता येते. माणसाचा हक्क बुडवला तर त्याच माणसाकडून माफी मिळवावी लागते. मग जनावराचे काय? जनावराच्या पाठीला मिंबर समजू नये, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. पण त्या पाठीने माफ केले की नाही, हे समजावे कसे? आम्ही घोडीला गूळ चारला, तिची मान थोपटली. त्याने आमचे मन हलके झाले. तिचे काय झाले, कोण जाणे.

पुढे ऑटोरिक्षा आल्या, टांगा बसला. आम्ही दोघेही कमावू लागलो होतो. आम्हीच म्हटले, "अब्बा, विकून टाका आता. नुसता कडबा खाते." अब्बांनी आमच्याकडे पाहिले. म्हणाले, "इसकी तीसरी बारी बाकी है, बेटा."

ती आणखी आठ वर्षे दारच्या लिंबाखाली मोकळ्या पाठीने उभी राहिली.

मुक्या जीवाकडून माफी मिळत नाही, पण त्याची राहिलेली पाळी त्याला देता येते, असे आता आम्हाला वाटते. माफीने आपण मोकळे होतो. पाळी दिल्याने तो मोकळा होतो. घोडीचे देणे अब्बांनी फेडले, आम्ही नव्हे. आणि अब्बांची स्वतःची पाठ वाकली, तेव्हा आमच्यातला एक पुण्यात होता, दुसरा भिवंडीत. "सवड झाली की येतो," असे आम्ही कळवत राहिलो. त्यांनीही कधी तक्रार केली नाही. तोही आम्ही होकारच समजलो.

सूरह आदियात आम्ही लहानपणी पाठ केली होती. धापा टाकत दौडणाऱ्या घोड्यांच्या शपथेने ती सुरू होते आणि लगेच माणसाच्या कृतघ्नपणावर येते. घोड्यांवरून ती एकदम माणसावर कशी येते, हे तेव्हा कळत नव्हते. आता नमाजमध्ये ती सूरह आली की तांबूस पाठीवरची ती जखम समोर येते, आणि तिच्यामागे अब्बांची पाठ.