समर्पण आणि प्रावीण्य : फ्यूजन जॅझमधील एक तात्त्विक प्रश्न

भक्तिमार्गात अहंकाराचा लय हे साधकाचे ध्येय मानले जाते, तर वादनकलेत श्रोते दाद देतात ती वादकाच्या व्यक्तिमत्त्वाला आणि त्याच्या प्रभुत्वाला. म्हणून समर्पण आणि प्रावीण्य एकाच ठिकाणी नांदू शकतात का, हा प्रश्न धर्मविचारात वारंवार उपस्थित होतो. विसाव्या शतकात फ्यूजन जॅझने तो विशेष तीव्रतेने पुढे आणला. जॅझमधील उपज, म्हणजे वाजवता वाजवता होणारी उत्स्फूर्त रचना, आणि रॉक संगीतातील विजेवरची वाद्ये व ठाशीव ठेका यांचा १९६०च्या दशकाच्या अखेरीस जो मिलाफ झाला त्याला फ्यूजन म्हणतात, आणि त्यातील अनेक अग्रगण्य वादक त्याच काळात कोणत्या ना कोणत्या साधनामार्गाकडे वळले होते.

या प्रश्नाची पार्श्वभूमी सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन याने तयार केली. डिसेंबर १९६४मध्ये ध्वनिमुद्रित झालेला ‘अ लव्ह सुप्रीम’ हा चार भागांचा अल्बम त्याने ईश्वराला अर्पण केला आणि त्याच्या अखेरच्या भागात स्वतः लिहिलेली प्रार्थना शब्दांनी न उच्चारता सॅक्सोफोनच्या स्वरांतून म्हटली. त्याची पत्नी ॲलिस कोल्ट्रेन ही स्वामी सच्चिदानंदांची शिष्या झाली; १९७०च्या दशकाच्या अखेरीस तिने व्यावसायिक ध्वनिमुद्रणापासून फारकत घेतली आणि पुढे कॅलिफोर्नियातील आपल्या आश्रमात ती ऑर्गन व सिंथेसायझरच्या साथीने भजने म्हणू लागली. तिने बाजारपेठ सोडली, वादन सोडले नाही, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

प्रश्नाचे सर्वांत अवघड रूप मात्र इंग्रज गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन याच्या कारकिर्दीत दिसते. श्री चिन्मय या न्यूयॉर्कवासी बंगाली गुरूंनी त्याला ‘महाविष्णु’ हे नाव दिले, आणि त्याच नावाने १९७१मध्ये स्थापन झालेल्या वाद्यवृंदाने ‘द इनर माउंटिंग फ्लेम’ व ‘बर्ड्‌स ऑफ फायर’ या अल्बमांतून इतक्या प्रचंड आवाजाचे आणि वेगाचे संगीत सादर केले की त्यात नम्रता कोठे शोधावी, असा आक्षेप सहज घेता येतो. गुरूंनी शिकवलेल्या प्रेम, भक्ती आणि समर्पण या त्रयीचेच नाव असलेला अल्बम मॅकलॉफ्लिनने १९७३मध्ये गुरुबंधू कार्लोस सँटाना याच्यासह काढला. पण त्याच वर्षाच्या अखेरीस वाद्यवृंदाचा मूळ संच अंतर्गत मतभेदांमुळे फुटला. दैवी नाव धारण केल्याने अहंकार विरत नाही, एवढे यावरून स्पष्ट होते.

तरीही या आक्षेपातून प्रावीण्य हाच समर्पणाचा शत्रू आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. गीतेने कर्म टाकण्यास सांगितले नाही, तर कर्तेपणाचा अभिमान टाकण्यास सांगितले. तेव्हा प्रश्न कौशल्य किती आहे हा नसून त्याच्यावर मालकी कोण सांगतो हा आहे. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस हा धार्मिक वृत्तीचा कलावंत म्हणून ओळखला जात नाही, पण १९६९मध्ये ‘इन अ सायलेंट वे’ या अल्बमच्या ध्वनिमुद्रणात त्याने कीबोर्डवादक जो झाविनुल याच्या रचनेतील बहुतेक स्वरसंघ काढून टाकले आणि मॅकलॉफ्लिनला, गिटार येतच नसल्यासारखी वाजव, अशी सूचना केली. हाताला सवयीने सुचणारे सगळे बाजूला ठेवल्याशिवाय शेजारच्या वादकाचा स्वर खऱ्या अर्थाने ऐकू येत नाही, हे या सूचनेचे मर्म होय.

भागवताने सांगितलेल्या नवविधा भक्तीत श्रवण पहिले आणि आत्मनिवेदन, म्हणजे स्वतःचे संपूर्ण समर्पण, अखेरचे आहे. सामूहिक उपजेतही नेमका हाच क्रम दिसून येतो. ‘बर्ड्‌स ऑफ फायर’ या रचनेतील अठरा मात्रांचे आवर्तन पाचही वादकांनी परस्परांना क्षणोक्षणी ऐकल्याशिवाय सांभाळता येणे अशक्य होते, म्हणजे त्या गदारोळातही श्रवणाची शिस्त होतीच. पुढे मॅकलॉफ्लिन गुरूंपासून दूर झाला. पण मुंबईचे तबलावादक झाकीर हुसेन, व्हायोलिनवादक एल. शंकर आणि घटमवादक विक्कू विनायकराम यांच्यासह ‘शक्ती’ या संचात त्याने विजेची गिटार सोडून ध्वनिक गिटार हाती घेतली, आणि तेथे हिंदुस्थानी, कर्नाटक व जॅझ या तीन परंपरांतील वादकांचे सवाल-जवाब दुसऱ्याचे संपूर्ण ऐकून घेण्यावरच उभे राहिले. वेग येथेही कमी नव्हता. मात्र तो एकाच्या मालकीचा उरला नव्हता.

म्हणून साधकाने कला क्षीण करण्याची गरज नाही. गुरूने दिलेले नाव, अर्पणपत्रिका किंवा अल्बमचे शीर्षक यांपैकी काहीही समर्पणाची हमी देत नाही. आपल्या सर्वोच्च सामर्थ्याच्या क्षणीही जो दुसऱ्याच्या स्वराला वाट देतो, त्याचेच प्रावीण्य भक्तीच्या पदवीला पोहोचते.