हब बदलल्यावर गाडी तीच राहते का?

जुन्या फोर-व्हील पिकअपच्या पुढच्या चाकांच्या मध्यभागी लॉकिंग हब असतो. त्याच्या तोंडावरची तबकडी हाताने फिरवली की आतली दातेरी कडी सरकते आणि एक्सलचा दांडा चाकाशी जोडला जातो. उलट फिरवली की चाक मोकळे होते, आणि डांबरी रस्त्यावर पुढचा एक्सल, डिफरन्शियल, प्रोपेलर शाफ्ट हे सगळे उगाच फिरत राहत नाही. महायुद्धानंतर विक्रीला निघालेल्या लष्करी जीप रोजच्या रस्त्यावर परवडाव्यात म्हणून अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी १९४८ साली असे हब बनवायला घेतले. मुंबईत महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी सुरू केली तीही त्याच सुमारास, १९४७ मध्ये.

नागपूर जिल्ह्यातले कन्हान हा अशा गाड्यांचा मुलूख आहे. नदीच्या अलीकडे कामठीची १८२१ सालची छावणी, पलीकडे कन्हान आणि कोळशाच्या खाणी, पुढे मनसरकडे मँगनीज, आणि आजूबाजूला पावसाळ्यात चाक गिळणारी काळी माती. इथे गाडी जुनी झाली म्हणून कोणी लगेच टाकून देत नाही. तिचा एकेक भाग बदलत जातो. मग केव्हातरी प्रश्न उभा राहतो: इतके बदलल्यावर ही गाडी तीच का?

हा प्रश्न ग्रीकांनी एकेक फळी बदलत गेलेल्या थिसियसच्या जहाजाबद्दल विचारला. प्लुटार्कने तो नोंदवला, आणि १६५५ मध्ये तत्त्वज्ञ हॉब्जने त्यात नवा पेच घातला: काढलेल्या जुन्या फळ्या जोडून कोणी दुसरे जहाज उभे केले, तर खरे कोणते? भारतात मात्र हा प्रश्न थेट वाहनावरच चर्चिला गेला. मिलिंदप्रश्न या बौद्ध ग्रंथात राजा मिलिंद, म्हणजे ग्रीक वंशाचा मिनँडर, रथातून आल्याचे सांगतो. भिक्षू नागसेन त्याला एकेक भाग विचारत जातो: दांडी म्हणजे रथ का? आस? चाके? सांगाडा? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो, आणि सगळ्यांची नुसती रास म्हणजेही रथ नव्हे, हे कबूल करतो. ‘रथ’ हे त्या भागांच्या आधाराने चालणारे व्यवहारातले नाव, एवढेच उरते. माणसाचेही तसेच, हा नागसेनाचा खरा रोख.

कणादाच्या वैशेषिक परंपरेला हे मान्य नाही. तिच्या मते अवयवांहून वेगळा ‘अवयवी’ खरोखर असतो. धाग्यांहून वेगळे वस्त्र असते, तशी भागांहून वेगळी गाडी असते. पण या वास्तववादाची किंमत मोठी आहे. एक अवयव गेला की जुना अवयवी नष्ट होतो आणि उरलेल्यांतून नवा जन्मतो. त्या हिशेबाने हब काढला तेव्हाच जुनी गाडी संपली, नवा बसवला तेव्हा आणखी एक तयार झाली, आणि ‘हीच ती’ ही ओळख केवळ साम्यावर चालते. म्हणजे गाडी खरी मानणारा ती क्षणाक्षणाला गमावतो, आणि तिला नाव मानणारा नागसेन तिला निर्धास्तपणे तीच म्हणत राहतो. गॅरेजमध्ये नागसेनच अधिक उपयोगी, हे उघड आहे.

तिसरे उत्तर श्रद्धेचे. पुरीला नवकलेवरात जगन्नाथाचे लाकडी रूप बदलते (अलीकडे २०१५ मध्ये बदलले), पण आतला ब्रह्मपदार्थ जुन्यातून नव्यात नेला जातो. गाडीच्या बाबतीत सरकारने हा मान चॅसिसला दिला आहे. हब बदलल्याची नोंद आरसी बुकात करावी लागत नाही. २०२१ च्या नियमांनुसार विंटेज ठरायला गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली लागते. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. कायद्याला तत्त्वज्ञान सांगायचे नव्हते, तरी कुठले भाग ‘तीच’पणाचे आणि कुठले नुसते बदलीचे, हे त्याने ठरवून टाकले.

प्रत्यक्ष हब उघडला तर मात्र या तिन्ही उत्तरांतून निसटलेली एक गोष्ट दिसते. बोल्ट काढून झाकण उतरवले, दांड्याच्या टोकाची सर्कलिप काढली, की हब बाहेर येतो. झिजलेल्या कडीच्या दात्यांच्या कडा गोल होऊन चकचकीत झालेल्या असतात. जोर आला की ते निसटतात आणि कट्ट आवाज येतो. एकच हब निसटला तरी साध्या डिफरन्शियलमधला जोर त्या मोकळ्या बाजूने वाया जातो आणि धडधाकट बाजूचे चाकही चिखलात उभे राहते. त्याहून बारकाईने पाहावी ती दांड्यावरची खाचांची ओळ. नवा हब झिजलेल्या खाचांवर बसवला तर तो ढिला बसतो आणि लवकर खराब होतो, कारण जुना हब आणि जुना दांडा वर्षानुवर्षे एकमेकांच्या मापाने झिजलेले असतात. गाडीचा इतिहास कुठल्या एका भागात नसतो, भागांनी एकमेकांवर उमटवलेल्या खुणांत असतो. त्यामुळे हॉब्जच्या कोड्याची धारही बोथट होते: काढलेला जुना हब दुसऱ्या गाडीवर चढवला, तरी त्याची झीज तिथल्या दांड्याशी जुळत नाही.

बौद्ध परंपरेत याच्या जवळचा विचार आहे. वसुबंधूने व्यक्तीला संतान म्हटले, कारण-परिणामांचा अखंड प्रवाह. प्रत्येक क्षण मागच्याचा ठसा घेऊन येतो, मात्र ठशामागे कायम राहणारा कोणी नसतो. नागपुरात हा ग्रंथांपुरता विषय नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीला, बाबासाहेब आंबेडकरांनी इथे धम्मदीक्षा घेतली. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये आत्मा नाकारून पुनर्जन्माचा अर्थ लावला आहे, आणि तिथे मिलिंद-नागसेनाचा संवादही येतो. दसऱ्यालाच घरोघरी गाड्या धुऊन त्यांना झेंडूचे हार घातले जातात, जणू प्रत्येक गाडीत कोणी आहे. एकाच दिवशी, एकाच जिल्ह्यात दोन्ही चालते.

नैयायिकाचा (न्यायदर्शनाच्या अनुयायाचा) आक्षेप इथे उरतोच. गाडीला आठवण नसते. ‘मी काल पाहिले तेच आज पाहतो’ असे ती म्हणत नाही. रथाचे उत्तर माणसाला लावताना नागसेनाने हा फरक झाकला, असे न्यायपरंपरा म्हणेल, आणि हा आक्षेप हलका नाही. नागसेनाचे बळ मात्र जबाबदारीच्या प्रश्नात दिसते. त्याच्या दृष्टान्तात चोर म्हणतो, मी तोडलेले आंबे मालकाने लावलेले नव्हेतच; नागसेन म्हणतो, ते त्याच्याच लावलेल्यातून आले, म्हणून चोर शिक्षेला पात्र. पिकअपचे दोन्ही हब, बेअरिंग आणि गास्केट बदलून झाले, तरी आधीच्या महिन्यातले चलान त्याच मालकाच्या नावावर राहते, आणि मालक ते भरतो.