इसार

चौघं शिरूरच्या बोरा कॉलेजात एका वर्गात होते. पुढे वाटा वेगळ्या झाल्या, दोस्ती तेवढी टिकली. एकाचं शिरूरच्या पेठेत किराणा-भुसारचं दुकान, म्हणून तो शेठ. दुसरा दौंडला मालगाडीवर गार्ड. रेल्वेने २०२२ मध्ये त्या पदाचं नाव बदलून ट्रेन मॅनेजर केलं, पण मित्रांच्या तोंडी तो गार्डच राहिला. तिसरा अण्णा, केडगावकडचा ऊसवाला, घरचं गुऱ्हाळ असलेला. चौथा जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर.

चौघांच्याही घरी पाणी म्हणजे आवर्तन. शिरूरकडे चासकमानच्या कालव्याला पाणी कधी सुटणार आणि दौंडकडे खडकवासल्याच्या कालव्याला कधी, या चर्चेत निम्मं वर्ष सरतं. समुद्र त्यांनी पाहिला होता तो काशीदला आणि दिवेआगरला, पँट दुमडून गुडघाभर पाण्यात उभं राहून. म्हणून २०२४ च्या फेब्रुवारीत ठरलं, की मालवणला जायचं आणि शिडाच्या होडीतून किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडायचं. इंजिनाची फटफट नको, धावपळ नको. वारा नेईल तसं जायचं आणि पोटभर गप्पा मारायच्या.

फोंडा घाट उतरून कणकवली, कसाल करत मंडळी मालवणात पोचली. ज्याची होडी ठरवली होती तो तांडेल साठी ओलांडलेला, बोलायला अगदी मोजका. त्याच्या होडीला इंजिन होतंच, पण शीडही त्याने जपून ठेवलं होतं. शिडावर होडी हाकणारे आता किनाऱ्यावर थोडेच उरले आहेत. शेठने फोनवरच घासाघीस करून भाव ठरवला होता आणि इसारही पाठवून दिला होता. व्यवहार पक्का केल्याशिवाय शेठ घराबाहेर पडत नाही.

पहिल्या दिवशी दुपारी खारा वारा सुटला, समुद्रावरून जमिनीकडे येणारा. शीड भरलं, होडी एका अंगाला कलली आणि अण्णाने दोन्ही हातांनी फळी घट्ट धरली. तांडेलाने कुणी कुठे बसायचं ते बोटानेच दाखवलं. सगळ्यात वजनदार शेठ, त्याला वाऱ्याच्या बाजूला बसवलं. शीड फिरवायच्या आधी तांडेल एकच शब्द म्हणायचा, "वाका." चौघं वाकायचे, आडवं लाकूड डोक्यावरून जायचं आणि होडी दुसऱ्या कुशीवर वळायची. थोड्या वेळाने त्यांना ते अंगवळणी पडलं आणि मग खरी मजा यायला लागली. पाण्याचा चुबुकचुबुक आवाज, शिडाच्या कापडाची फडफड, आणि समोर कुरटे बेटावर पाण्यातून थेट वर आलेला सिंधुदुर्गाचा तट.

मास्तर गप्प बसणं शक्यच नव्हतं. किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्याकडे बोट करून त्याने सांगितलं, की २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी तिथे पूजा करून या किल्ल्याचा पाया घातला. किल्ल्यात उतरल्यावर मात्र सगळ्यात जास्त वेळ थांबला तो अण्णा. दूधबाव, दहीबाव, साखरबाव, अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आणि चहूबाजूंनी खारा समुद्र. त्याने ओंजळभर पाणी पिऊन पाहिलं, परत प्यायला आणि म्हणाला, "आपल्याकडे तीनशे फूट बोअर मारलं तरी फुफाटा निघतो."

दुसऱ्या दिवशी उत्तरेला आचऱ्याच्या खाडीपर्यंत जायचं होतं. डबे भरून, टोप्या घालून चौघं सकाळी किनाऱ्यावर आले, तर तांडेल होडीजवळ नव्हताच. माडाखाली बसून तो जाळं सांधत होता.

"आज होडी भायर काढूची नाय," तो मान वर न करता म्हणाला.

शेठने पाण्याकडे पाहिलं. लाट म्हणून नाही. किनाऱ्यालगतचं पाणी कालच्यापेक्षाही शांत, तळाची वाळू दिसेल इतकं. कुणाही देशावरच्या माणसाला वाटावं, होडी न्यायची तर आजच. शेठला हा आळस वाटला, नाहीतर भाव वाढवायची युक्ती. व्यापारी माणूस, त्याने सरळ विषय काढला. "काका, दोन हजार जास्त घ्या, पण निघा. आम्ही रजा टाकून आलोय."

तांडेल उठला. पडलेलं नारळाचं एक सुकं सोडण त्याने उचललं आणि घोट्याभर पाण्यात जाऊन अलगद सोडून दिलं. मग बाजूला उभा राहिला. सोडण क्षणभर तिथेच डुललं आणि मग निघालं, बाहेरच्या दिशेने. घाई नाही, पण थांबणंही नाही. होड्यांच्या रांगेच्या पलीकडे गेलं, खडकाच्या पलीकडे गेलं. चौघं डोळ्यांवर हात धरून पाहत राहिले. जिथे ते दिसेनासं झालं तिथे, खूप आत, पाण्यावर पांढऱ्या रेघा उठत होत्या. किनाऱ्यावरून त्या आधी कुणाच्या नजरेला पडल्याच नव्हत्या.

"वारो भायर ओढता," तांडेल म्हणाला, आणि जाऊन परत जाळ्याशी बसला.

तो मतलई वारा होता, जमिनीकडून समुद्राकडे जाणारा. रात्रीपासून त्याने जोर धरला होता आणि माडांचे शेंडे सगळे पाण्याच्या दिशेला वाकले होते. हा वारा नवख्या माणसाला हमखास फसवतो. लाट उठायला वाऱ्याला पाण्यावर लांब पल्ला मिळावा लागतो. जमिनीवरून नुकत्याच उतरलेल्या वाऱ्याला किनाऱ्याजवळ तो मिळत नाही, म्हणून तिथलं पाणी सपाट दिसतं. जसजसं आत जावं तसतशी लाट मोठी होते, आणि तेव्हा परतायचं असतं ते त्याच वाऱ्याच्या तोंडावर. शिडाची होडी वाऱ्यावर थेट चालून जाऊ शकत नाही. नागमोडी, तिरपं तिरपं यावं लागतं आणि प्रत्येक वळणाला वारा तिला आणखी बाहेर लोटत असतो. जाताना मजेत गेलेली होडी येताना दमते ती अशी.

शेठचं समाधान झालं नव्हतं. तेव्हा गार्ड बोलला. "सिग्नल लाल असला की गाडी हलत नाही. मागे दहा गाड्या खोळंबू देत. तिथे कुणी येऊन दोन हजार जास्त देतो म्हणत नाही."

तांडेलाने घरून पैसे मागवले आणि त्या दिवसाचा इसार शेठच्या हातावर ठेवला. शेठने नोटा मोजल्या आणि खिशात घातल्या. देण्याघेण्यात काही चुकलं असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही.

पुढचा सगळा दिवस रिकामा होता आणि तोच सगळ्यात चांगला गेला. गार्ड माडाखाली घोरत पडला. ड्युटीचा कॉल कधीही येईल या धास्तीत वर्षानुवर्षं झोपणारा माणूस, फोन खोलीवर ठेवून झोपला. तांडेलाच्या घरून बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी आली. अण्णाने आईच्या तोंडून ऐकलेली सिद्धटेकची वारी सांगितली. भीमेवर पूल नव्हता तेव्हा दौंडकडची माणसं शिरापूरहून नावेने पलीकडे जात. नदीला पाणी चढलेलं असलं आणि नावाडी नाही म्हणाला, की माणसं भाकरी सोडून अलीकडच्या काठावरच बसत, पलीकडे कळस दिसत असताना. नावाड्याशी कुणी वाद घालत नसे.

संध्याकाळी वारा पडला. कुणाची होडी उलटली नाही, कुणी हरवलं नाही. शेठ म्हणाला, "बघा, झालं का काही?" त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. मला वाटतं, अचूक नकाराची हीच पंचाईत आहे. तो अचूक होता हे दाखवायला हातात काहीच उरत नाही. न गेलेल्या होडीची बातमी होत नाही.

तिसऱ्या दिवशी वारा सरळ होता. आचऱ्यापर्यंत जाऊन आले, मनसोक्त उन्हात भाजले आणि घरी परतले.

मग २१ मे २०२४ ची संध्याकाळ आली. उजनी धरणाच्या फुगवट्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात सापडून बुडाली. बोटीत सात जण होते. एक जण पोहून काठाला लागला, सहा जण गेले, त्यात दोन अगदी लहान मुलं होती. ती माणसं मौजेला निघालेली नव्हती. १९८० मध्ये धरण पूर्ण झालं आणि नदीच्या जागी मैलोगणती रुंद पाणी पसरलं. सडकेने लांबचा वळसा पडतो, म्हणून होडीने जाणं हा तिथला रोजचा रिवाज. अशा उघड्या पाण्यावर वळवाचा वारा अचानक आला, की तो समुद्रापेक्षा कमी नसतो. दौंड तालुक्याच्या कडेपर्यंत हेच पाणी येतं. अण्णाची सोयरीक त्या पट्ट्यातली. तो कितीतरी दिवस नीट बोलत नव्हता.

शेठ त्या रात्री दुकान बंद करून गल्ल्यापाशी बसून राहिला. मग त्याने मालवणच्या तांडेलाला फोनवरून पैसे पाठवले, परत घेतला होता तेवढाच इसार. तांडेलाचा लगेच फोन आला, "कसले पैसे, शेठ?"

"त्या दिवशीचे, काका. तुम्ही आम्हाला नेलं नाही त्याचे."

त्यानंतरच्या जानेवारीत चौघं बायकामुलांसह उजनीच्याच पाण्यावर, भिगवणजवळ रोहित पक्षी पाहायला गेले. हवा ढगाळ, वाऱ्याचे सपकारे येत होते. पक्षी लांब पाण्यात उभे होते, गुलाबी रंग तेवढा दिसत होता. होडीवाला पोरगा पंचविशीचा. तो आभाळाकडे पाही आणि मग या गर्दीकडे पाही. सुट्टीचा दिवस, हंगाम मोजक्या महिन्यांचा, त्यात एवढं मोठं गिऱ्हाईक. "जाऊ या हळूहळू," तो म्हणाला, पण आवाजात दम नव्हता.

शेठ खाली उतरला, त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला घेऊन गेला. "खरं सांग बाळा, तुझी स्वतःची पोरं असती तर नेली असतीस?"

पोरगा गप्प राहिला. मग त्याने नकारार्थी मान हलवली.

शेठने निम्मं भाडं त्याच्या हातात दिलं. तो घेईना. "होडी चालवण्याचे नाहीत हे," शेठ म्हणाला, "थांबवण्याचे आहेत. तुझा दिवस बुडाला तो आमच्यासाठी बुडाला. तो एकट्याने का सोसायचा?" मुलांनी काठावरून दुर्बिणीने पक्षी पाहिले, थोडी कुरकुर केली, आणि शेजारच्या खानावळीत मासे खाऊन सगळे घरी आले.

भिगवणला नोव्हेंबर ते मार्च पक्षी असतात आणि पावसाळा सरला की मालवणच्या होड्या सुरू होतात. कुठेही जा, पण होडीत पाय ठेवण्याआधी लाइफ जॅकेट मागा, मुलांना ते तुमच्या हाताने चढवा, पट्टे आवळा आणि मगच फोटो काढा. आणि नावाडी नको म्हणाला तर त्याच्याशी घासाघीस करू नका. दिलेला इसार त्याच्याकडेच राहू द्या.